मलमपट्टीबाईंची बलस्थानं

कॉलेजात त्यांना मागे मलमपट्टीबाई म्हणत आणि तोंडावर मॅडम. दोन्ही त्यांना ठाऊक होतं. मागचं नाव जास्त खरं आहे हेही ठाऊक होतं, आणि तेच डाचायचं.

प्रयोगशाळेतला साहाय्यक प्राध्यापकांशी भांडला, पाठवा बाईंकडे. एखादा पालक शिपायाच्या अंगावर धावून गेला, पाठवा बाईंकडे. वसतिगृहाच्या मुली पाणी येत नाही म्हणून बादल्या वाजवत संचालकांच्या दारात बसल्या की संचालक मागच्या जिन्याने उतरत आणि उतरता उतरता फोन करत, "मॅडम, जरा बघता का?" बाई बघायच्या. खुर्ची द्यायच्या, पाणी विचारायच्या, समोरच्याचं सगळं शेवटपर्यंत ऐकून घ्यायच्या आणि मग हलक्या आवाजात म्हणायच्या, "आपण समिती नेमूया." मुली शांत होऊन परत जायच्या. नळाला पाणी मात्र यायचं नाही.

मूळच्या त्या अशा नव्हत्या. परीक्षा विभागात नोकरीला लागल्या तेव्हा अंगाने काडी आणि जिभेने सुरी. एका परीक्षेत विश्वस्तांचा भाचा मोज्यात चिठ्ठ्या घालून बसला होता आणि पर्यवेक्षक खिडकीबाहेरची झाडं न्याहाळत होते. बाईंनी त्याला बूट काढायला लावले, मोजे काढायला लावले आणि अनवाणी वर्गाबाहेर घालवलं. पुढच्याच आठवड्यात त्यांची बदली जिन्याखालच्या तक्रार खिडकीवर झाली. तेव्हाचे रजिस्ट्रार म्हणाले होते, "तुमच्यात धार फार आहे. जरा माणसांत बसा, बोथट व्हाल." घरी मुलगी रांगती होती, नवऱ्याची नोकरी आज आहे तर उद्या नाही अशी. बाई खिडकीवर बसल्या. ओरडणाऱ्या माणसासमोर आपला आवाज खाली आणला की त्यालाही आणावा लागतो, हे त्या तिथे शिकल्या. चूक आपली नसताना "माफ करा" म्हणायलाही तिथेच शिकल्या. पहिल्यांदा म्हणताना घशात काटा अडकल्यासारखं झालं होतं. मग काटा झिजला.

वर्षं गेली. मुलगी शिकून दुसऱ्या शहरात नोकरीला लागली, बाईंच्या केसांत पांढरं आलं, त्या पायरी पायरीने वर चढल्या. जुने रजिस्ट्रार निवृत्त झाले तेव्हा त्यांची खुर्ची बाईंना मिळाली, पण उसनी. प्रभारी. प्रभारी म्हणजे काम सगळं आणि दारावर पाटी दुसऱ्याची. आधीच्या साहेबांच्या नावाची पितळी पाटी तशीच होती, तिच्याखाली चिकटपट्टीने डकवलेला कागद: 'प्रभारी'. पावसाळी हवेत कागद सुटायचा आणि बाई तो पुन्हा चिकटवायच्या.

आता ते पद कायमचं भरायचं ठरलं होतं. बाईंना ते हवं होतं. हवं आहे असं त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही, पण पितळी पाटीवरून जाता येता त्यांची नजर फिरायची. समोर उमेदवार एकच, खरेदी विभागाचे प्रमुख. उंच, गोरेगोमटे, सुटातले. सगळे त्यांना खरेदीसाहेब म्हणत. हजेरीसाठी अंगठा लावायचं मशीन त्यांनीच आणलं होतं, आणि उद्घाटनाला त्या मशीनबद्दल इतकं बोलले होते की पहिल्या तासाला कुणाचीच हजेरी लागली नव्हती.

निवडीच्या आधी संचालकांनी वरच्या सगळ्या अधिकाऱ्यांसाठी तीन दिवसांची कार्यशाळा ठेवली. विषय होता बलस्थानांवर आधारित नेतृत्व. प्रशिक्षक तरणाबांड होता. कानाजवळ माइक, पायांत पांढरे बूट, आणि प्रत्येक वाक्य संपलं की गप्प राहून सगळ्यांकडे बघायची सवय, जणू आत्ताच कुणीतरी टाळी वाजवणार आहे.

"आयुष्यभर आपल्याला आपल्या उणिवा दाखवल्या गेल्या," तो म्हणाला. "आजपासून उणिवा विसरा. तुम्हाला निसर्गाने जे दिलंय, तेवढंच करा."

ग्रंथपाल बाईंच्या कानाशी कुजबुजले, "मला निसर्गाने दुपारची झोप दिलीय."

मग प्रत्येकाला पडद्यावर प्रश्न सोडवायचे होते. मला मतभेद मिटवता येतात: नेहमी, कधी कधी, कधीच नाही. लोक माझ्याजवळ मन मोकळं करतात: नेहमी, कधी कधी, कधीच नाही. बाईंनी आयुष्यात खोटं उत्तर कधी लिहिलं नव्हतं, इथेही लिहिलं नाही. मतभेद मिटवता येतात? रोज तेच करते, नेहमी. लोक मन मोकळं करतात? दार बंद करायची सोय नाही, नेहमी. मला कठोर निर्णय घ्यायला आवडतं? इथे बाईंचं बोट थबकलं. मोजे आठवले. पण त्यानंतर निर्णय घेतला कधी? घेऊ दिला कुणी? त्यांनी प्रामाणिकपणे 'कधीच नाही' दाबलं.

दुपारी सगळ्यांना छातीवर लावायला कार्डं मिळाली. खरेदीसाहेबांच्या कार्डावर होतं: झेप, दूरदृष्टी, हुकमत, प्रभाव, चैतन्य. बाईंच्या कार्डावर: समेट, सोबत, सबुरी, सहानुभूती, सेवाभाव. बाईंनी ते वाचलं आणि त्यांना वाटलं, इतकं सोशिक माणूस स्मशानातसुद्धा सापडायचं नाही.

कार्डाची करामत दुसऱ्या दिवशी सकाळीच दिसली. लेखा विभागाचे प्रमुख एक गठ्ठा बाईंच्या टेबलावर ठेवत म्हणाले, "मॅडम, बारीकसारीक तपशील हे माझं बलस्थान नाही. कालच कळलं." वसतिगृहप्रमुखांनी पालकांच्या भेटी बाईंकडे वळवल्या, कारण त्यांच्या कार्डावर सहानुभूती नव्हती. ज्याला जे काम नको होतं, ते नेमकं निसर्गाने त्याला दिलेलं नव्हतं. आणि कुणालाच न दिलेलं सगळं बाईंच्या टेबलावर येऊन पडत होतं.

दुपारच्या सत्रात संचालक स्वतः उभे राहिले. "आपण यापुढे पदं जोडीने बघणार आहोत," ते म्हणाले. "एकाची उणीव दुसऱ्याने भरायची. उदाहरण घ्या. खरेदीसाहेब दिशा दाखवतील आणि आपल्या मॅडम माणसं सांभाळतील. आदर्श जोडी."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. चहाच्या वेळी बाईंनी संचालकांना गाठलं.

"जोडी ठीक आहे, सर. पण रजिस्ट्रार कोण?"

"पदाचं काय घेऊन बसलात, मॅडम. तुम्ही त्या सगळ्याच्या पलीकडे आहात."

"मुलाखत परवा आहे ना?"

"आहे, आहे. औपचारिकता." संचालकांनी बिस्कीट चहात बुडवलं. "आणि तुमचाच अहवाल सांगतो ना, कठोर निर्णय तुम्हाला आवडत नाहीत. तुमच्या मनाविरुद्ध आम्ही काही लादणार नाही."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण सवयीने तोंडातून निघालं, "बरं, सर." आणि त्या 'बरं'चा त्यांना त्या आगीपेक्षा जास्त राग आला.

घरी आल्या तर कार्ड अजून छातीवरच होतं. नवऱ्याने ते चष्मा वर करून वाचलं आणि समाधानाने मान हलवली.

"बघ. मी किती वर्षं सांगतोय. सबुरी, सेवाभाव. तुझ्यात ते उपजतच आहे. म्हणून तर आई तुझ्याच हातून औषध घेते. मी द्यायला गेलो की थुंकते."

"तुम्ही कधी गेलात?"

"गेलो होतो ना. एकदा."

सासूबाई आतल्या खोलीत खाटेवर उशांना टेकून बसल्या होत्या. पाय गेले होते, कान आणि जीभ शाबूत. त्या म्हणाल्या, "काय आहे गं ते छातीवर? बस कंडक्टर झालीस का?"

बाईंनी कार्ड काढून त्यांना वाचून दाखवलं. बलस्थान म्हणजे काय, तेही सांगितलं. सासूबाईंनी औषधाचा चमचा तोंडात घेतला, तोंड वाकडं केलं, गिळलं.

"बैलाच्या मानेवर घट्टा पडतो ना," त्या म्हणाल्या, "त्याला बैल बलस्थान म्हणत नाही. मालक म्हणतो."

नवरा दारातून हसला. "आई म्हणजे ना."

"तू हस. तुझ्या मानेवर केसही नाही, घट्टा कुठला."

बाई हसल्या नाहीत. चमचा धुताना त्या नळाखाली तसाच हात धरून उभ्या राहिल्या. त्या प्रश्नांनी आपल्याला काय जमतं असं विचारलं होतं आणि आपण काय करावं लागलं ते सांगून आलो. पायाचं माप विचारलं, आपण चावणाऱ्या चपलेचं दिलं. आणि आता तीच चप्पल आपल्याला कायमची घालणार, वर म्हणणार, तुमच्याच मापाची आहे.

तिसऱ्या दिवशी समारोप होता. प्रशिक्षक सगळ्यांना गोल उभं करून एकमेकांच्या बलस्थानांचं कौतुक करायला लावत होता. खरेदीसाहेब बाईंना म्हणाले, "तुमच्यामुळे आमच्यासारख्यांना मोठी स्वप्नं पाहता येतात." बाई काही बोलायच्या आत खालून गलका ऐकू आला.

दुसऱ्या वर्षाची वर्कशॉपची मुलं होती. परीक्षा उद्यावर आलेली आणि त्यांना हॉल तिकीट दिलेलं नव्हतं. मशीनच्या हिशेबाने ती मुलं वर्षभर गैरहजर होती. पालकही आले होते. शिपायाने जाळीचं दार लावून घेतलं होतं आणि मुलं ते दार हलवत होती.

संचालकांनी खिडकीतून खाली बघितलं, खरेदीसाहेबांनी घड्याळात बघितलं, आणि मग दोघांनी एकदमच बाईंकडे बघितलं.

"मॅडम," संचालक म्हणाले, "तुमचं बलस्थान."

"काय सांगू त्यांना?"

"नेहमीचंच. समिती नेमतो म्हणा."

"परीक्षा उद्या आहे, सर."

"म्हणूनच तर," खरेदीसाहेब म्हणाले. "उद्या संध्याकाळपर्यंत शांत राहिली की झालं."

बाई खाली उतरल्या. शिपायाला जाळी उघडायला लावली. मुलं एकदम आत घुसली आणि बाईंना बघून जरा थांबली. सगळ्यांना माहीत होतं, ही बाई ओरडत नाही, हिच्यावर ओरडता येत नाही. एक पालक मात्र ओळखून होता. "आता खुर्ची देतील बघ," तो शेजारच्याला म्हणाला. "मग पाणी. मग समिती."

बाईंचा हात खुर्चीकडे गेलाच होता. त्यांनी तो मागे घेतला.

"गैरहजर कसे लागलात?" त्यांनी समोरच्या मुलीला विचारलं.

"थंब घेत नाही ना मशीन, मॅडम. आम्ही रोज सांगतो. ऑफिसमधे सांगतात, तुमचाच अंगठा खराब आहे."

"बघू."

मुलीने हात पुढे केला. वर्षभर कानस चालवून, लोखंड घासून बोटांची टोकं गुळगुळीत आणि कडक झालेली. अंगठ्यावरच्या रेषा पार पुसून गेलेल्या. बाकीच्यांनीही हात पुढे केले. एक हात बघा, दुसरा बघा, सगळे तसेच. जो अंगठा लावून पळाला, तासाला बसला नाही, त्याचा अंगठा मऊ आणि तो हजर. ज्याने काम केलं, तो गैरहजर.

बाईंनी त्या मुलीचा अंगठा आपल्या बोटाने दाबून पाहिला. सासूबाई खाटेवरून बोलल्यासारख्या वाटल्या.

"तुम्ही वर्गात होतात याला पुरावा काय?" त्यांनी विचारलं. आवाज खाली आणायचा त्या विसरल्या होत्या. जिन्यात तो खणखणला आणि वरच्या मजल्यावर कुणीतरी दार उघडून डोकावलं.

"आम्ही घासून केलेले जॉब आहेत ना, मॅडम," एक मुलगा म्हणाला. "वर्कशॉपच्या कपाटात. प्रत्येकावर नंबर ठोकलेलाय. सरांनी पाहिल्याशिवाय ठेवून घेत नाहीत."

"चला."

बाई पुढे, मुलं मागे, पालक त्यांच्या मागे. वर्कशॉपचे सर कार्यशाळेत नव्हते, कारण ते अधिकारी नव्हते. त्यांनी निमूट कपाट उघडलं. लोखंडाचे तुकडे: कोन, खाचा, एकमेकांत बसणारे चौकोन, प्रत्येकावर ठोकलेला रोल नंबर. मुलांनी आपापले तुकडे टेबलावर मांडले. कुणाचे सगळे होते, कुणाचे एखादा कमी. दोघांचे जवळजवळ नव्हतेच. बाईंनी त्या दोघांना बाजूला उभं केलं. त्यांच्यातला एक म्हणाला, "मॅडम, माझा मामा विश्वस्तांच्या ओळखीचा आहे."

"असू दे. बाहेर थांब."

बाकीच्यांना त्यांनी तिथेच, तेलकट टेबलावर, ऑफिसातून मागवलेली हॉल तिकिटं सही करून दिली. सहीखाली 'प्रभारी रजिस्ट्रार' लिहिताना त्यांचा हात एकदाही अडला नाही.

त्या वर आल्या तेव्हा समारोपाचा चहा चालू होता.

"झाली शांत?" संचालकांनी विचारलं.

"शांत नाही झाली. अभ्यासाला गेली. उद्या परीक्षेला बसतील. हॉल तिकिटं दिली मी."

खरेदीसाहेब म्हणाले, "पण मशीनची नोंद?"

"मशीन चुकीचं आहे. काम करणाऱ्या हाताला ते ओळखत नाही. तुम्ही आणलंत, तुम्ही बदला."

"कुणाच्या अधिकारात दिलीत तिकिटं?"

"माझ्या. उद्यापर्यंत तरी आहे."

संचालकांचा चेहरा आंबट झाला. तेवढ्यात प्रशिक्षक पुढे झाला. डोळे चमकत होते.

"बघितलंत? बघितलंत सगळ्यांनी? खालचा आवाज थांबला. पूर्ण थांबला. हेच ते, मॅडम. समेट. तुमचं पहिलं बलस्थान, आपल्या डोळ्यांसमोर."

सगळ्यांनी सुटकेने टाळ्या वाजवल्या. संचालकही वाजवू लागले, कारण आता घडलेल्याला एक सोयीचं नाव मिळालं होतं. बाईंनी आयुष्यात दुसऱ्यांदा मनासारखा निर्णय घेतला होता. पहिल्याबद्दल शिक्षा झाली होती. या दुसऱ्याला तर निर्णय म्हणायलाही हे तयार नव्हते. शिक्षा परवडली, असं त्यांना वाटलं. शिक्षा करणाऱ्याने निदान आपण काय केलं ते पाहिलेलं असतं.

"समेट नाही केला मी," त्या म्हणाल्या. "ती मुलं बरोबर होती आणि आपण चूक. त्यात समेट कुठला?"

"किती विनय," प्रशिक्षक म्हणाला.

बाईंनी छातीवरचं कार्ड काढलं आणि त्याच्या हातातल्या रिकाम्या बशीत ठेवलं.

मुलाखतीला त्या गेल्या. संचालक, एक विश्वस्त आणि बाहेरून आलेले एक गृहस्थ. संचालकांनी गोड आवाजात विचारलं, "जोडीच्या कल्पनेबद्दल काय वाटतं?"

"चांगली आहे. जोडीत मी दिशेच्या बाजूला बसेन. माणसं खरेदीसाहेब सांभाळतील."

"पण ते त्यांचं बलस्थान नाही."

"नसू दे. जिन्याखालची खिडकी अजून आहे. काही वर्षं बसवा त्यांना तिथे. होईल बलस्थान. माझं तसंच झालं."

बाहेरून आलेले गृहस्थ खाकरले. विश्वस्तांनी कागद पालटले.

पद खरेदीसाहेबांना मिळालं. पितळी पाटी उतरवून नवी लावली, चिकटपट्टीचा कागद शिपायाने ओरबाडून काढला. बाईंना रजिस्ट्रारांच्या शेजारची खोली देऊ केली होती, 'सहयोगी' अशा पदनामासह. त्यांनी ती घेतली नाही आणि आपल्या मूळच्या परीक्षा विभागात परत गेल्या. पद गेल्याचं दुःख झालं नाही असं नाही. नव्या पाटीसमोरून जायला लागू नये म्हणून पुष्कळ दिवस त्या मागच्या जिन्याने जात असत.

मग एका सकाळी वसतिगृहाच्या मुली पुन्हा बादल्या घेऊन आल्या. नव्या रजिस्ट्रारांचा फोन आला, "मॅडम, तुम्ही जरा याल का? तुम्हालाच जमतं."

"परीक्षेसंबंधी आहे का, साहेब?"

"नाही, पाण्याचं."

"मग माझ्या खात्यातलं नाही ते."

त्यांनी फोन ठेवला. खाली बादल्या वाजत राहिल्या. त्या दिवशी मुलींना कुणी खुर्ची दिली नाही, पाणी विचारलं नाही, समिती नेमतो म्हणालं नाही. रजिस्ट्रार खाली गेले आणि असं काही बोलले की मुली तिथेच ठाण मांडून बसल्या, दुसऱ्या दिवशीही उठल्या नाहीत. आठवड्याच्या आत वसतिगृहाला नवी पाइपलाइन आली.

ही बातमी ग्रंथपालांनी आणली. इतकी वर्षं पाणी येत नव्हतं ते कशामुळे, याचं उत्तर बाईंना त्या क्षणी मिळालं, आणि त्यात त्यांचा स्वतःचा मऊ आवाजही होता. सगळ्यात जास्त संताप त्यांना त्याचाच आला.

संध्याकाळी घरी आल्या, पर्स ठेवली आणि औषधाची बाटली आणि चमचा नवऱ्याच्या हातात दिला.

"हे काय?"

"आईंचं औषध."

"अगं, पण मला नाही जमत ते. तुला माहितीये."

"जमेल. सवयीने जमतं."

तो बाटलीकडे बघत आत गेला. बाई बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसल्या आणि त्यांनी पाय समोरच्या स्टुलावर ठेवले. आतून आधी त्याचा लाडीगोडीचा आवाज आला, मग सासूबाईंचा "हूं, हूं", मग चमचा फरशीवर पडल्याचा.

"अगं, ती थुंकतेय."

"पुन्हा भरा."

"शर्ट गेला माझा."

आतून सासूबाईंचं बारीक हसू ऐकू आलं. बाईंनी डोळे मिटले.

"बसा तिथेच," त्या म्हणाल्या. "घेतील त्या. घाई नाहीये."